स्टिकरवर ३२००, चालते २४०० ने: रॅमचा वेग कसा वाचायचा आणि कोणती स्टिक घ्यायची

लॅपटॉपमध्ये आठ जीबीची एक स्टिक होती. रिकाम्या स्लॉटसाठी आठ जीबीची, ३२०० वेगाची दुसरी आणली. बसवली, मशीन सुरू झालं, सोळा जीबी दिसू लागले. पण टास्क मॅनेजर वेग दाखवतो २४००. इथे बरेच जण स्टिक काढून दुकानदाराशी भांडायला निघतात. बहुतेक वेळा स्टिकही अस्सल असते आणि दुकानदारही खरं बोललेला असतो.

स्टिकवरचा आकडा म्हणजे ती जास्तीत जास्त किती वेग पेलेल याची हमी. प्रत्यक्षात ती कोणत्या वेगाने चालवायची हे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि शेजारची स्टिक मिळून ठरवतात. ती स्टिक स्वतः धरून या चौघांत जो सर्वांत हळू, त्याच्या चालीने बाकीचे चालतात. म्हणून रॅम घेताना पहिला प्रश्न "बाजारात सगळ्यात वेगवान कोणती?" हा नसतो, "माझं मशीन किती वेग चालवू शकतं?" हा असतो. त्याचं उत्तर घरबसल्या पंधरा मिनिटांत काढता येतं.

३२०० हा आकडा कशाचा

डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. रॅमच्या घड्याळाच्या एका ठोक्यात माहिती दोनदा पाठवली जाते, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. डीडीआर४-३२०० या स्टिकचं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झने चालतं आणि त्यावर सेकंदाला ३२० कोटी वेळा देवाणघेवाण होते. ३२०० हा देवाणघेवाणीचा आकडा आहे. त्याचं खरं एकक मेगाट्रान्सफर प्रति सेकंद, म्हणजे एमटी/एस. दुकानात आणि जाहिरातीत मात्र सर्रास "३२०० मेगाहर्ट्झ" म्हणतात.

हा घोळ लक्षात न आल्याने लोक उगाच घाबरतात. सीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये मेमरीच्या पानावर ‘डीरॅम फ्रीक्वेन्सी’ १५९६ किंवा १६०० दिसते आणि वाटतं, रॅम अर्ध्याच वेगाने चालली आहे. तसं नसतं. सीपीयू-झेड घड्याळ दाखवतो, त्याची दुप्पट करा. टास्क मॅनेजर आधीच दुप्पट केलेला आकडा दाखवतो. त्याच्यापुढे विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत मेगाहर्ट्झ लिहिलेलं असे, विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत एमटी/एस असतं. आकडा तोच.

दुसरा घोळ पीसी४-२५६०० अशा नावाचा. स्टिकची वाट ६४ बिट रुंद, म्हणजे एका खेपेला ८ बाइट. ३२०० ला ८ ने गुणा, २५६०० येतात: सेकंदाला २५६०० मेगाबाइट. वेग तोच, फक्त दुसऱ्या मापात सांगितलेला. नेहमी लागणाऱ्या जोड्या अशा:

डीडीआर३-१६०० म्हणजे पीसी३-१२८००
डीडीआर४-२१३३ म्हणजे पीसी४-१७०००
डीडीआर४-२४०० म्हणजे पीसी४-१९२००
डीडीआर४-२६६६ म्हणजे पीसी४-२१३००
डीडीआर४-३२०० म्हणजे पीसी४-२५६००
डीडीआर५-४८०० म्हणजे पीसी५-३८४००
डीडीआर५-५६०० म्हणजे पीसी५-४४८००

कोड्यात टाकणारा आकडा दिसला की ८ ने भागून पाहा. उत्तर ओळखीचं आलं तर काम झालं.

स्टिकरवरची ओळ अक्षर न अक्षर

लॅपटॉपमधून निघणाऱ्या साध्या हिरव्या स्टिकवर रोमन अक्षरांत एक ओळ छापलेली असते. देवनागरीत लिहिली तर ती अशी दिसेल: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-एसए२. खरेदीला लागणारी जवळपास सगळी माहिती या एका ओळीत आहे.

पीसी४ म्हणजे डीडीआर४. इथे चूक झाली तर पुढचं सगळं व्यर्थ, कारण डीडीआर३, ४ आणि ५ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसतच नाहीत. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपच्या लहान स्टिकला, म्हणजे सोडिमला, डीडीआर३ मध्ये २०४, डीडीआर४ मध्ये २६० आणि डीडीआर५ मध्ये २६२ पिना. जुन्या लॅपटॉपसाठी घेत असाल तर पीसी३ आणि पीसी३एल यांतला फरकही पाहा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, ‘एल’वाली १.३५ वर. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचे डीडीआर३ लॅपटॉप ‘एल’च मागतात. साधी लावली तर स्क्रीन काळीच राहते.

३२०० नंतरची अक्षरं टायमिंग, म्हणजे रॅमच्या एकेका कामाला घड्याळाचे किती ठोके लागतात ते सांगतात. २४००टी म्हणजे १७-१७-१७, २६६६व्ही म्हणजे १९-१९-१९, ३२००एए म्हणजे २२-२२-२२. ही जेडेक या संस्थेने ठरवलेली प्रमाण टायमिंग आहेत. पुढचं एसए म्हणजे लॅपटॉपची सोडिम. डेस्कटॉपच्या साध्या स्टिकवर तिथे यूए असतं. आर ने सुरू होणारी अक्षरं, जसं आरए किंवा आरबी, दिसली तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. सेकंडहँड बाजारात ती मोठ्या क्षमतेत स्वस्त मिळते, डेस्कटॉपच्या डीडीआर४ स्लॉटमध्ये बसतेही, पण घरगुती मदरबोर्डवर चालत नाही. या स्वस्ताईला पुष्कळ जण फसतात.

राहिलं १आरएक्स८. यातला शेवटचा आकडा एकेका चिपची रुंदी सांगतो. आठ जीबीच्या लॅपटॉप स्टिकवर आठ चिप्स असतील तर ती १आरएक्स८, चारच असतील तर १आरएक्स१६. दोन्हींवर ३२०० लिहिलेलं असतं, पण डीडीआर४ मध्ये १६ रुंदीच्या चिपमध्ये बँकांचे, म्हणजे माहिती ठेवायच्या कप्प्यांचे, दोनच गट असतात आणि ८ रुंदीच्या चिपमध्ये चार. गट जास्त तितकी एका गटाचं काम चालू असताना दुसऱ्याला कामाला लावायची सोय जास्त. म्हणून छापील वेग सारखा असूनही चार चिप्सची स्टिक प्रत्यक्षात थोडी मागे पडते, आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम करणाऱ्यांना ते जाणवतं. किंमत सारखी असेल तर आठ चिप्सची मागा.

वेग आणि सीएल एकत्र वाचायचे

गेमिंगच्या स्टिकवर १६-१८-१८-३८ असे आकडे असतात. त्यातला पहिला सीएल. रॅमकडे माहिती मागितल्यापासून पहिला तुकडा हाती येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात, ते तो सांगतो. पण ठोका किती लांब हे वेगावर अवलंबून असल्याने नुसत्या सीएलची तुलना फसवी ठरते. खरा वेळ नॅनोसेकंदात काढा: सीएलला २००० ने गुणा आणि स्टिकच्या वेगाने भागा.

डीडीआर३-१६००, सीएल ११: १३.७५ नॅनोसेकंद
डीडीआर४-२४००, सीएल १७: १४.१७
डीडीआर४-३२००, सीएल २२: १३.७५
डीडीआर४-३२००, सीएल १६: १०
डीडीआर५-४८००, सीएल ४०: १६.६७
डीडीआर५-६०००, सीएल ३०: १०

ही यादी नीट पाहिली तर दोन गोष्टी दिसतात. सीएल ४० वाचून डीडीआर५ टाकाऊ ठरत नाही, कारण ठोकेच लहान आहेत. आणि साधी ३२००एए ही वाट पाहण्याच्या बाबतीत २४००टी पेक्षा नावापुरतीच पुढे आहे. ती जिंकते ते एका सेकंदात जास्त माल वाहण्यात. महाग ३२०० सीएल १६ मात्र दोन्हींत पुढे असते.

वेग कुठे अडतो

प्रोसेसरची मर्यादा सर्वांत आधी पाहा, कारण रॅम सांभाळणारा भाग आता प्रोसेसरच्या आतच असतो. इंटेलच्या आय५-७२००यू ला डीडीआर४ मध्ये २१३३ पर्यंत, आय५-८२५०यू ला २४००, आय५-१०२१०यू ला २६६६ आणि आय५-११३५जी७ ला ३२०० पर्यंत परवानगी आहे. एएमडीच्या रायझन ५ ३५००यू ला २४००, रायझन ५ ५५००यू ला ३२००. डेस्कटॉपच्या आय३-१०१०० ला २६६६. आपल्या प्रोसेसरचं पूर्ण नाव कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा, ‘मेमरी टाइप्स’ किंवा तशा ओळीत हा आकडा असतो.

त्यानंतर मदरबोर्ड. इंटेलच्या बाजूला एच३१०, एच४१०, बी४६०, एच५१०, एच६१० हे चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप, तिचं नाव बहुधा बोर्डाच्या नावातच असतं) प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेच्या वर रॅम नेऊ देत नाहीत. बी५६०, बी६६० आणि झेड मालिकेतले देतात. एएमडीच्या बी४५० आणि बी५५० बोर्डांवर ही मोकळीक आहे. लॅपटॉपच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, तर बहुधा वेग बदलायची सोयच नसते. मग मशीन स्टिकच्या आतल्या एसपीडी नावाच्या छोट्या चिपमध्ये लिहिलेली जेडेकची नोंद वाचतं आणि प्रोसेसरला झेपेल तो वेग निवडतं.

शेजारच्या स्टिकचं गणित सरळ आहे. २४०० आणि ३२०० एकत्र लावल्या तर दोन्ही २४०० ने चालतात, टायमिंगही दोघींना पेलेल ते. एकीचा वेग वेगळा आणि दुसरीचा वेगळा असं होत नाही.

चौथी मर्यादा स्टिकची स्वतःची. आणि इथे एक सापळा आहे, जो जाणकार माणसांनाही चकवतो. ‘३२००’ दोन प्रकारे लिहिलेलं असतं. ३२००एए स्टिकच्या जेडेक नोंदीतच ३२०० आहे. ती कुठल्याही मशीनमध्ये आपोआप, त्या मशीनच्या मर्यादेपर्यंत चढते. रंगीत पत्रा चढवलेल्या ‘३२०० सीएल १६’ स्टिकमध्ये तो वेग एक्सएमपी या वेगळ्या प्रोफाइलमध्ये लिहिलेला असतो, १.३५ व्होल्टसकट. तिची जेडेक नोंद पुष्कळदा २१३३ किंवा २४०० वरच थांबते. अशी महाग स्टिक एच४१० बोर्डवर लावली आणि बायॉसने एक्सएमपी चालवू दिलं नाही, तर ती २१३३ ने चालेल. त्याच बोर्डवर स्वस्तातली ३२००एए निमूटपणे २६६६ ने चालेल. पैसे जास्त, वेग कमी. म्हणून ज्या मशीनमध्ये एक्सएमपी नाही, तिथे गेमिंगची रॅम घेऊच नका.

खरेदीला जाण्याआधी मशीन तपासा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. वेग, वापरलेले स्लॉट आणि फॉर्म फॅक्टर लिहून घ्या. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. रॅमच्या प्रकारात एलपीडीडीआर दिसलं तरी बहुतेक वेळा तेच, आणि तिथे वाढवायला जागा नाही. स्लॉटची संख्या मात्र टास्क मॅनेजर काही लॅपटॉपवर चुकीची सांगतो, त्यामुळे मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल पाहा किंवा मागचं झाकण उघडून डोळ्यांनी खात्री करा.

मग सीपीयू-झेड. मेमरीच्या पानावर चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातली वाट, सिंगल (एक) आहे की ड्युअल (दोन) ते कळतं. एसपीडीच्या पानावर एकेक स्लॉट निवडून आतल्या स्टिकचा निर्माता, पार्ट नंबर आणि कोष्टक पाहा. कोष्टकाच्या रकान्यांवर जेडेक किंवा एक्सएमपी लिहिलेलं असतं, तिथेच वरचा सापळा उघडा पडतो. एक गोष्ट इथे सांभाळा: इंटेलचे लॅपटॉप निवांत बसलेले असताना वीज वाचवायला रॅमचा वेग स्वतःहून खाली आणतात. सीपीयू-झेडचा आकडा कमी वाटला तर एखादा व्हिडिओ किंवा मोठं काम चालू ठेवून पुन्हा पाहा.

शेवटी मॉडेलची कमाल क्षमता आणि प्रोसेसरची मर्यादा लिहून घ्या. हा कागद खिशात असेल तर लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, "लॅपटॉपची रॅम द्या" असं मोघम म्हणावं लागत नाही. "डीडीआर४ सोडिम, आठ जीबी, ३२००एए, एक्स८" एवढं सांगा. बिलावर स्टिकचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि स्टिकवरचा स्टिकर कधीही काढू नका, वॉरंटी त्याच्यावरच पाहतात.

आधी क्षमता, मग जोडी, मग वेग

पैसे कुठे घालायचे याचा क्रम आमच्या मते ठाम आहे. ब्राउझरचे पंधरा टॅब आणि एक्सेल उघडल्यावर मशीन अडखळतं ते रॅम भरून डिस्कवर ओझं गेल्यामुळे. तिथे २४०० ची ३२०० करून काही साधत नाही, आठचे सोळा जीबी करून साधतं.

दुसरा नंबर ड्युअल चॅनलचा. ३२०० ची एकच स्टिक सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेते. २४०० च्या दोन स्टिक जोडीने ३८.४ जीबी. म्हणजे दोन ‘हळू’ स्टिक एका ‘वेगवान’ स्टिकला सहज मागे टाकतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला याचा सर्वांत जास्त फायदा, कारण चित्र काढण्याचं सगळं काम याच वाटेने होतं. आय५-११३५जी७ च्या लॅपटॉपमध्ये तर एक स्टिक असताना ग्राफिक्सचं नाव साधं ‘यूएचडी’ दिसतं आणि दुसरी लावून जोडी झाली की ‘आयरिस एक्सई’ दिसू लागतं. बोर्डवर चार जीबी सोल्डर केलेले आणि एकच स्लॉट असेल, तरी त्यात आठ जीबी लावा. इंटेल चार अधिक चार जीबीची जोडी चालवतो आणि उरलेले चार एकट्याने. अगदी एकाच क्षमतेचा हट्ट लागत नाही.

आता सुरुवातीचा लॅपटॉप पाहू. प्रोसेसर आय५-८२५०यू, आत २४००टी ची आठ जीबी. तिथे नवी २४०० मिळो की ३२००एए, दोन्ही २४०० नेच चालणार. ३२००एए स्टिक १३.७५ नॅनोसेकंदाची हमी देते. २४०० वर त्याचे साडेसोळा ठोके होतात, म्हणून ती सीएल १७ घेते, म्हणजे नेमकं २४००टी चंच टायमिंग. दोन्ही स्टिक बरोबरीने नांदतात. जी स्वस्त आणि वॉरंटीसह मिळेल ती घ्या. किंमत सारखी असेल तर ३२००, कारण पुढच्या डीडीआर४ मशीनमध्ये ती पूर्ण वेगाने वापरता येईल.

रायझन ५ ५६०० आणि बी५५० असा डेस्कटॉप असेल तर मात्र वेगासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. अधिकृत मर्यादा ३२०० आहे, पण या पिढीत प्रोसेसरच्या आतलं दळणवळण, ज्याला इन्फिनिटी फॅब्रिक म्हणतात, साधारण १८०० मेगाहर्ट्झपर्यंत रॅमच्या घड्याळाशी एकास एक चालतं. १८०० ची दुप्पट ३६००. म्हणून ३६०० ची जोडी सर्वांत चोख. त्याच्या बरंच वर गेलं की रॅमचा नियंत्रक अर्ध्या वेगाला जातो आणि जास्त आकड्याची रॅम उलट मागे पडते. अशा मशीनसाठी दोन सुट्या स्टिक न घेता एका खोक्यातली जोडी घ्या, ती एकत्र तपासून विकलेली असते.

डीडीआर५ मध्ये दोनच इशारे. आय५-१२४५०एच च्या लॅपटॉपमध्ये ५६०० ची स्टिक ४८०० नेच चालेल. आणि रायझन ७००० च्या डेस्कटॉपमध्ये दोन स्टिकला अधिकृत वेग ५२००, चार लावल्या तर थेट ३६००. ३२ जीबी हवे असतील तर १६ च्या दोन घ्या, ८ च्या चार कधीच नाही. नंतर दोन वाढवू हा विचार डीडीआर४ मध्ये बहुधा निभतो, डीडीआर५ मध्ये महागात पडतो.

बसवताना

विंडोज ११ असेल तर आधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायॉस रिसेट करावा लागला तर मशीन ती मागू शकतं, आणि त्या वेळी ती त्याच बंद मशीनमध्ये अडकलेली असते.

शिफ्ट दाबून शट डाउन करा, म्हणजे मशीन पुरतं बंद होतं. चार्जर काढा, झाकण उघडा, आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. स्टिक कडांनीच धरा, सोनेरी पट्टीला बोट लावू नका. लॅपटॉपमध्ये ती साधारण तीस अंशांत तिरकी सरकवायची. सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी झाली की मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून अडकतात. पट्टी अर्धी बाहेर दिसत असताना दाबली तर क्लिप लागते पण संपर्क होत नाही. "नवी रॅम दिसतच नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

डेस्कटॉपमध्ये चार स्लॉट असतील तर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बोर्डावर त्यांच्याजवळ ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्यात लावल्या तर एकच चॅनल चालतो आणि सेकंदाला वाहिला जाणारा माल अर्धा होतो, बाकी सगळं ठीक दिसत राहतं. ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर काळा पडदा दिसला तर डीडीआर५ मशीनवर पाच-दहा मिनिटं हात लावू नका. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. मधेच वीज तोडली तर ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

एक्सएमपी चालू करणं आणि न जमलं तर

डेस्कटॉपवर एक्सएमपीची रॅम घेतली आणि बायॉसमध्ये गेलाच नाहीत, तर ती जेडेकच्या वेगाने पडून राहते. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये जा. इंटेलच्या बोर्डवर एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर४ बोर्डवर बोर्डाच्या कंपनीनुसार एक्सएमपी, ए-एक्सएमपी किंवा डीओसीपी, आणि एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर एक्सपो या नावाने ते सापडेल. पहिलं प्रोफाइल निवडा, सेव्ह करा, बाहेर पडा. वेग, टायमिंग आणि व्होल्टेज तिन्ही एकदम लागतात. नुसता वेग हाताने वाढवू नका. व्होल्टेज १.२ वरच राहिलं तर ३६०० ची रॅम अडखळणारच.

मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊन जुन्याच वेगावर परत आलं, तर बोर्डाने तो वेग नाकारला आहे. काहीही मोडलेलं नाही. बायॉसची नवी आवृत्ती टाका आणि पुन्हा करून पाहा. तरी नाही जमलं तर प्रोफाइल तसंच ठेवून वेग एक पायरी खाली घ्या, ३६०० चा ३४६६ किंवा ३२००. मशीन अजिबातच उठत नसेल तर वीज तोडून बोर्डवरच्या सीआर२०३२ बॅटरीजवळच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा, सगळं मूळ पदावर येईल.

याहून वाईट अवस्था म्हणजे मशीन उठतं, चालतं आणि मधूनच घात करतं. निळा पडदा येऊन ‘मेमरी मॅनेजमेंट’ लिहिलेलं दिसतं, झिप फाइल उघडताना खराब निघते, ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळतात. रॅमचा वेग सीमेवर असल्याची ही लक्षणं आहेत. इकडे दुर्लक्ष करू नका, कारण चुकीचा बिट डिस्कवर लिहिला गेला की फोटो आणि हिशेबाच्या फाइली कायमच्या बिघडतात. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून मशीन सुरू करा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा. एकही चूक चालत नाही. चूक आली तर आधी एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासा. तेव्हा साफ निघाली तर दोष वेगाचा. तरीही चूक आली तर एकेक स्टिक एकटी लावून तपासा, म्हणजे खराब कोणती ते कळेल आणि तीच बदलून मागता येईल.

कोकणात किंवा मुंबईसारख्या दमट हवेत चार-पाच वर्षं चाललेल्या मशीनमध्ये कधी स्टिक चांगली असते आणि सोनेरी पट्टीवर मळ साचलेला असतो. मऊ पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेला हलकेच पुसा, कण झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळल्यावर बसवा आणि मग पुन्हा मेमटेस्ट लावा. स्लॉटच्या आत मात्र काहीही खुपसू नका. तिथली एक पीन वाकली तर पूर्ण बोर्डच दुरुस्तीला न्यावा लागतो.